दोन खडे आणि बावीस शिक्के

फोटोत हसायचं नाही असं फोटोवाल्यानं बजावलं, आणि स्तामेन हसला नाही. पुढचा सगळा राडा त्या एका न हसण्यानं झाला. पण ते कळायला त्याला सव्वीस दिवस चालावं लागलं.

फोटो हवा होता गिरिभ्रमण संघाच्या पुस्तिकेसाठी. कोम शिखरापासून निघायचं, सगळा बाल्कन डोंगर उभा-आडवा तुडवायचा आणि काळ्या समुद्रावर एमिनेच्या टोकाला उतरायचं. सहाशेवर किलोमीटर. वाटेत बावीस ठिकाणी शिक्का घ्यायचा. आणि कोमवरचा एक खडा खिशात घालून नेऊन समुद्रात टाकायचा. का टाकायचा ते कुणाला ठाऊक नाही. पण ज्यानं खडा टाकला नाही तो चाललाच नाही, असं धरतात. माणूस पायांनी सहाशे किलोमीटर जातो आणि हिशोब खड्याचा ठेवतात. असो.

तर संघाच्या कचेरीत बाई म्हणाल्या, दोन फोटो. फोटोवाला म्हणाला, दोन निघत नाहीत, चार निघतात. स्तामेननं लग्नातला कोट चढवला, टाय बांधला, आणि बासष्ट वर्षांचा, कानाशी पांढरा झालेला, रोखून बघणारा असा काही फोटो निघाला की फोटोवाल्यानं स्वतःच डोक्यावरची टोपी काढली. कचेरीतल्या बाईंनी दोन ठेवले. वर पुस्तिका द्यायला तीन आठवडे लावले, कारण शिक्का त्यांच्याकडे होता आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली सुटीवर गेलेल्या बाईंकडे. एक फोटो स्तामेननं पाकिटात ठेवला. चौथा गेत्सोदादानं काढून घेतला.

गेत्सोदादा म्हणजे इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष. व्रात्सा गावातली ती आठ मजली इमारत, त्यातला दरवाजा 'ब', आणि दरवाजा 'ब'वर काय चिकटवायचं, काय फाडायचं, हे ठरवणारा गेत्सोदादा. दारावर पाण्याची नोटीस असते, लिफ्टची असते, आणि मेलेल्यांचे कागद असतात. आपल्याकडं माणूस गेला की काळ्या चौकटीत फोटो छापून दाराला लावतात. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग दर वर्षाचा. दरवाजा 'ब'वर जिवंत माणसं येता-जाता मेलेल्यांना कोपरानं घासून जातात.

"राहू दे माझ्यापाशी एक," फोटो खिशात घालत गेत्सोदादा म्हणाला. "वेळ काय सांगून येते का?"

"दादा, मी चालायला निघालोय, लढाईला नाही."

"मी लष्करात डोंगरात होतो. तिथं दोघं एकत्र आत गेले की एकच बाहेर येतो."

"मग दुसरा?"

"दुसरा मीच होतो. मागनं आलो." एवढं सांगून त्यानं कुऱ्हाड आणून दिली. अस्वलासाठी.

आता हे सगळं स्तामेननं अंगावर का घेतलं? जन्मभर त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना एक पायरी चढू द्यायची नाही हाच त्याचा धंदा. कारण होती नेदा. नेदा म्हणजे त्याची बायको. सहा वर्षं झाली, ती इटलीत, बोलोन्याला, एका म्हातारीची सेवा करत होती. आपल्याकडच्या निम्म्या बायका तिकडच्या म्हाताऱ्यांना भरवतात आणि निम्मे नवरे इकडे डबा उघडून थंड खातात. म्हातारी वसंतात वारली. आता एक नवा म्हातारा चालून आला होता. पाच वर्षांचा करार, सप्टेंबर अखेरीस सही.

"सही करू नको," स्तामेन फोनवर म्हणाला.

"का? घरी येऊन काय बघू? बाल्कनी?"

बाल्कनीचं म्हणाल तर ती त्यानं नऊ वर्षांपूर्वी काचा लावून बंद करायला घेतली होती. उजवी बाजू झाली. डावीकडची काच अजून घरातल्या बोळात भिंतीला टेकून उभी होती आणि चौकटीतून वारा, पाऊस, कबुतरं, सगळे आपलं घर असल्यासारखे येत. नेदा गेली त्याला पगार हे कारण होतंच. पण जायच्या आदल्या दिवशी तिनं त्या काचेवर बोटानं धूळ पुसून बघितली होती.

"मी कोमवरून समुद्रापर्यंत चालत जाणार आहे," स्तामेनच्या तोंडून निघून गेलं. कुठून निघालं देव जाणे.

नेदा इतकी हसली की तिकडं कुणीतरी इटालियनमध्ये काय झालं म्हणून विचारलं. मग हसू थांबलं. "बरं. जा. हातात घेतलेली एक गोष्ट शेवटपर्यंत ने. सगळे शिक्के, सगळ्या रीतीभाती. पंधरा सप्टेंबरला मी एमिनेच्या टोकावर येऊन बसते. आलास तर मग बोलू सहीचं."

"आणि नाही आलो तर?"

"तर मला म्हाताऱ्याला आंघोळ घालायची आहे, स्तामेन."

म्हणून फोटो, म्हणून पुस्तिका, म्हणून सगळं.

निघायच्या दिवशी शेजाऱ्यांनी पाठपिशवी भरली. चौथ्या मजल्यावरच्या त्रेंदाफिलाकाकूंनी भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या तीन बरण्या दिल्या, काचेच्या, कारण प्लॅस्टिकमध्ये चव जाते. मेहुणी दान्कानं, म्हणजे नेदाच्या बहिणीनं, लोकरीची चादर दिली. गेत्सोदादानं कुऱ्हाडीवर दोन लिटर रकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू दिली, पाय चोळायला आणि घसा चोळायला. मग त्याच्याच, डुकरं तोलायच्या काट्यावर पिशवी चढवली. एकतीस किलो.

"चांगलं वजन आहे," गेत्सोदादा मायेनं म्हणाला. "ख्रिसमसपर्यंत अजून दहा धरेल."

वीस ऑगस्टला सकाळी स्तामेन कोमवर पोचला. एक खडा उचलला, करड्या रंगाचा. मग जरा थांबला आणि दुसराही उचलला, नेदासाठी. पांढरट, एका कडेला तुटलेला. ती आली की तिचा तिनं टाकावा. मग पूर्वेकडं तोंड केलं आणि चालायला लागला.

पहिल्या दिवशी खांदे गेले. दुसऱ्या दिवशी गुडघे. तिसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि पाचव्या दिवशी ते मोज्यात निघून आलं, गुपचूप, निरोपही न घेता. कुऱ्हाड पहिल्याच विश्रामगृहात ठेवून आला. चादर दुसऱ्यात. चटणीच्या बरण्या मात्र त्यानं खाऊन संपवल्या, पावाशी, बीन्सच्या रश्शाशी, नुसत्या चमच्यानं. कारण काकू रिकाम्या बरण्या परत मागणार हे त्याला माहीत होतं. शेवटपर्यंत तो तीन रिकाम्या बरण्या वागवत होता, हे पुढं कुणाला खरं वाटलं नाही. पण ज्यांनी त्रेंदाफिलाकाकूंना बघितलंय त्यांना वाटलं.

उतारावर त्याला कळलं की गुडघा हा चढासाठी केलेला अवयव आहे. चढावर कळलं की तोही नाही. लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं आतून ओरडत, "अहो, किती वेळ?" आणि स्तामेन तीस वर्षं वरून ओरडत आला, "झालंच!" आता तो स्वतःला विचारी, किती वेळ? आणि वरून कोणी ओरडत नसे.

सातव्या दिवशी मेंढपाळाच्या कुत्र्यांनी गाठलं. वासराएवढी पाच कुत्री. डोंगरात रीत अशी, की पळायचं नाही, जमिनीवर बसायचं. स्तामेन बसला. कुत्रीही बसली, गोल करून. दीड तास सगळे बसून होते. शेवटी मेंढपाळ आला.

"बसलास ते शहाणपण केलंस, काका."

"मी बसलो नाही. पाय गेले."

"तेच. ज्याचे पाय जात नाहीत त्यालाच चावतात." त्यानं चीजचा तुकडा दिला. "एकटाच?"

"हं."

"मीही," मेंढपाळ म्हणाला. मग दोघांनी मिळून चीज संपवलं. कडा कुत्र्यांना.

शिक्क्यांचा छळ निराळाच. एका विश्रामगृहाला कुलूप. राखणदार चुलतभावाच्या लग्नाला गेलेला. खिडकीतून आत खिळ्याला टांगलेला शिक्का दिसत होता, हाताच्या अंतरावर, मधे काच. स्तामेन उंबऱ्यावर अर्धा दिवस बसला. संध्याकाळी राखणदार आला, गात गात, झिंगलेला.

"शिक्का? तेवढ्यासाठी बसलास? अरे, मागच्या दाराला कुलूप नाहीच की!"

दुसऱ्या एका ठिकाणी शाई संपलेली. तिथल्या बाईनं शिक्का ब्लूबेरीच्या मुरंब्यात बुडवून उठवला. पुढं पाच दिवस पुस्तिकेला मुंग्या लागत होत्या.

बाराव्या दिवशी फोन गेला. गुरं पाणी पितात त्या दगडी डोणीवर वाकून तो पाणी पीत होता, आणि शर्टाच्या खिशातून फोन सरळ तळाला. काढला, वाळवला, तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, रकियानं चोळला. गेत्सोदादाला दर रविवारी फोन करायचा ठरलं होतं. नेदालाही. पण नंबर सगळे त्या फोनच्या पोटात. स्तामेनला पाठ असा जगात एकच नंबर होता. स्वतःच्या घरचा.

दोन दिवसांनी एका विश्रामगृहात भिंतीवरचा फोन होता. त्यानं राखणदाराला विचारून तो नंबर फिरवला. घरी कोणी नाही हे माहीत असून फिरवला. बोळात, काचेच्या शेजारी, नेदानं विणलेल्या रुमालावर तो फोन वाजत असेल. एकदा, दोनदा, बारा वेळा. त्याला सगळं दिसलं. बुटांचं फडताळ, खुंटीवरची छत्री, डाव्या चौकटीतून आलेलं कबूतर मान वाकडी करून ऐकत असलेलं.

"उचलत नाहीत का?" राखणदार म्हणाला.

"घरी नाहीत."

"मग नंतर कर."

"नंतरही नसतील." राखणदारानं त्याच्याकडं बघितलं आणि न विचारता रश्शाचा दुसरा वाडगा पुढं ठेवला. त्यानंतर जिथं फोन दिसला तिथं स्तामेननं घरी फोन केला. तीन वेळा. तेवढंच घरात कोणाला तरी हाक मारल्यासारखं.

बोतेव शिखराच्या बाजूला धुक्यानं धरलं. वाट खांब रोवून दाखवलेली, पण एका खांबावरून दुसरा दिसेना. दोन दिवस माणूस नाही, आवाज नाही, स्वतःची सावलीसुद्धा नाही. तिथं स्तामेन खड्यांशी बोलायला लागला. आधी त्याच्या स्वतःच्या खड्याशी. पण तो करडा गडी, ऐकून घेई आणि गप्प बसे. मग नेदाच्या खड्याशी. तिथं भांडण झालं.

"पाऊस लागत होता म्हणून काच लावली नाही," तो म्हणाला.

खडा काही बोलला नाही.

"नऊ वर्षं काय रोज पाऊस होता असं तुझं म्हणणं असेल."

खड्याचं तेच म्हणणं होतं.

"एकट्यानं लागते का ती काच? दुसऱ्या टोकाला धरायला माणूस लागतं! तू कधी म्हणालीस, आण, मी धरते?" आणि मग धुक्यात उभं राहून त्याच्या ध्यानात आलं की त्यानंही कधी, धर, म्हटलं नव्हतं. नऊ वर्षं तो वाट बघत होता की तिनं आपणहून यावं. तीही बहुतेक तशीच थांबली होती. आणि काच, बिचारी, दोघांची वाट बघत होती. त्यानं खडा मोज्यात गुंडाळला, कारण गारठा होता. बासष्ट वर्षांच्या, लिफ्ट-मेकॅनिक असलेल्या, सरकारी पेन्शन घेणाऱ्या माणसानं दगडाला मोजा घातला. बघायला कोणी नव्हतं म्हणून बरं. कोणी असतं तर घातला नसता.

पुढं डोंगर बुटका होत गेला, ओकची झाडं लागली, गोचिड्या लागल्या. बुटाचा तळ सुटला, तो दोरीनं बांधला. एकविसावा शिक्का चौदा तारखेला मिळाला. बाविसावा, शेवटचा, टोकाजवळच्या खेड्यातल्या दुकानात. पण आधी टोकावर जाऊन नेदाला भेटू, मग दोघं मिळून शिक्का घेऊ, असं त्यानं ठरवलं. ऐटीत चालत दुकानावरून पुढं गेला.

पंधरा सप्टेंबरला सकाळी नऊला स्तामेन एमिनेच्या टोकावर उभा होता. खाली समुद्र. मागं दीपगृह. नेदा नव्हती.

दहाला नव्हती. बाराला एक मोटार आली. त्यातून चार पोरं उतरली, खडे टाकले, ओरडली, मिठ्या मारल्या, स्तामेनचाही फोटो काढून गेली. या वेळी त्यानं हसायचा प्रयत्न केला. दोनला नव्हती. दाढी करावी म्हणून आरशाऐवजी रिकाम्या बरणीत बघितलं आणि विचार सोडून दिला. तीन वाजता त्यानं स्वतःशी कबूल केलं, की म्हाताऱ्याची आंघोळ झाली असेल.

दीपगृहाचा राखणदार सकाळपासून बघत होता. तो सूर्यफुलाच्या बिया फोडत जवळ आला.

"कोण यायचं होतं?"

"बायको."

"माझीपण यायची होती," राखणदार म्हणाला. "एक्क्याण्णव साली." आणि खिशातला फोन पुढं केला. "घे. लाव."

"नंबर पाठ नाही."

"कुठलाच नाही?"

म्हणून स्तामेननं पाठ होता तो लावला. सवयीनं. वाजू दे जरा, म्हणून.

दुसऱ्याच घंटेला कोणीतरी उचलला. "हॅलो?"

"माफ करा बाई, चुकून लागला," स्तामेन म्हणाला आणि ठेवला. मग नंबर बघितला. बरोबर होता. पुन्हा लावला.

"कोण आहे रे? घरात दुःख आहे नि खेळ काय लावलाय!"

"...नेदा?"

 मागं भांड्यांचा आवाज, कोणीतरी नाक शिंकरलं.

"मी आहे. स्तामेन."

"कुठनं बोलतोस?" ती इतक्या हळू म्हणाली की त्यानं कान दाबून धरला.

"टोकावरनं. वारा आहे फार. तू आली नाहीस."

 मग फोनमधून जे निघालं ते राखणदारालाही तीन पावलांवर ऐकू गेलं. "मेल्या! मेला नाहीस तर तोंडानं सांगता येत नव्हतं? मी काळे कपडे घालून दोन विमानं बदलून आले! इथं पंचवीस माणसं बसलीत मयताचे गहू खात! काकूनं साखर घालून पातेलंभर उकडलेत तुझ्या नावानं!"

"कोण मेलं?"

"तू!"

झालं होतं ते असं. दोन रविवार फोन आला नाही म्हणून गेत्सोदादानं नोटीस काढली. स्तामेन, वय बासष्ट, तपकिरी जाकीट, निळी टोपी, दिसल्यास कळवा. छापखान्यात गेला, तर तिथल्या बाईकडं फोटो असलेला कागद एकाच साच्यात बसलेला. काळ्या चौकटीच्या. गेत्सोदादा म्हणाला, चालेल, चौकटीनं ठळक दिसतं. आणि आत घातला तो न हसणारा फोटो. दरवाजा 'ब'वर तीन मेलेल्यांच्या मधे लावला. दान्कानं चष्म्याशिवाय लांबून बघितला आणि तिथंच बसली. लगेच फोन बोलोन्याला, स्तामेन गेला म्हणून.

"आणि वर दोन-चार दिवसांआड घरात फोन वाजत होता!" नेदा ओरडत होती. "बंद घरात! गेत्सोदादा जिन्यात क्रॉस काढत उभा राहायचा!"

"तो मीच होतो."

"तेच म्हणाला तो! म्हणाला, स्तामेनच असणार!"

मग तिचा आवाज खाली आला. "माझं परवा सकाळचं विमान आहे. तिकीट जाण्या-येण्याचं मिळालं." आणि जरा थांबून, "बस कितीला आहे तुझी?"

राखणदारानं बोटानं घड्याळ दाखवलं. चाळीस मिनिटांत, खालच्या रस्त्यावरून. सव्वीस दिवस लंगडणारा माणूस, एका बुटाला दोरी, पाठीवर तीन बरण्या खणखणत, हायवेपर्यंत पळत गेला. बस, मग बुर्गासहून रेल्वे, मग पुन्हा रेल्वे. सोफियाच्या पुढं, सकाळच्या उन्हात, तिकीट काढायला खिशात हात घातला तेव्हा हाताला लागले दोन खडे. एक उघडा, एक मोज्यातला.

त्यानं पुस्तिका काढली. बाविसावा चौकोन कोरा.

डब्यातल्या लोकांना दिसला तो एक दाढीवाला, मळका म्हातारा, पुस्तिका उघडून बसलेला आणि तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटणारा. कोणी शेजारी बसलं नाही.

अकराच्या सुमारास तो दरवाजा 'ब'समोर आला. गेत्सोदादाची नोटीस होतीच. तिच्या बाजूला दुसरा कागद होता, मोठा. नेदानं तो फोनवरून दान्काला लिहून घ्यायला लावला होता. तपकिरी जाकीट नि निळी टोपी ही काय माणसाला निरोप द्यायची तऱ्हा झाली, म्हणून भांडून. स्तामेननं चष्मा लावून वाचलं.

'आमचा स्तामेन. चांगला माणूस. कधी कोणाला उलटून बोलला नाही. हातात घेतलेलं काम त्यानं कधीही अर्धवट सोडलं नाही. तुझ्याशिवाय घर मोठं झालंय. नेदा.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग चिकटपट्टी नखानं, कोपरा न फाटू देता, सोडवली. पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं तरी हाताला होतं.

लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून गेला. जिन्यात गेत्सोदादा भेटला. त्यानं आधी स्तामेनच्या पायाकडं बघितलं, सावली पडते का म्हणून. "मी म्हटलं होतं ना," तो म्हणाला, "एकच बाहेर येतो." आणि डोळे पुसत खाली गेला.

नेदा बोळात उभी होती, काळ्या कपड्यांत. सहा वर्षांत तिचे केस आखूड झाले होते. दोघंही पुढं झाले नाहीत. मधे काच होती, भिंतीला टेकलेली.

"दाखव," ती म्हणाली.

त्यानं पुस्तिका दिली. ती पान पान बघत गेली. मुरंब्याचा शिक्का हुंगला. शेवटच्या पानावर थांबली.

"हे?"

"बस चुकली असती."

"आणि खडा?"

त्यानं दोन्ही काढून तळहातावर ठेवले. मोजा तिनं बोटानं बाजूला करून बघितला. म्हणजे रीतीनं धरायचं तर तो चाललाच नव्हता.  तिनं त्याच्या हातातला काळ्या चौकटीचा कागद घेतला, फडताळावरची पेन्सिल उचलली, 'कधीही' शब्दावर एक रेघ मारली आणि वर 'सहसा' लिहिलं.

मग कबुतराला हाकललं, बाह्या वर केल्या आणि काचेच्या एका कडेशी वाकली.

"विमान..." स्तामेन म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू. धर तिकडनं."

त्यानं धरली. दोघांनी मिळून उचलली. काच जड होती, एकट्याचं काम नव्हतंच ते. मधे नऊ वर्षांची धूळ होती, पण पलीकडचं माणूस दिसत होतं.